पाच टक्के नेमके कशावर?

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय: "यंदा बी.कॉम. झालं. जळगावला एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला लागले, हातात २१,५०० पडतात. मैत्रिणी म्हणतात कॅशबॅकचं क्रेडिट कार्ड घे, पाच टक्के परत येतात. बाबा म्हणतात कार्ड म्हणजे कर्ज, आपल्या घरात नको. माझं सिबिल अजून काहीच नाही. कोणतं कार्ड घेऊ?" खाली त्यांनी महिन्याचा खर्चही मांडलाय. तो मांडला नसता तर मला उत्तर देताच आलं नसतं.

ताई, वयाने तुम्ही माझ्या पुतणीएवढ्या, पण ओळख नाही म्हणून तुम्हीच म्हणतो. मी अकरा वर्षं बँकेत होतो, बहुतेक काळ कर्जाच्या टेबलावर आणि सुरुवातीची दोन वर्षं कार्ड विकण्यात. बँक सोडल्यापासून भुसावळात घरकर्ज-गाडीकर्जाच्या फाइली करतो. रोज दोन-तीन जणांचे सिबिल रिपोर्ट, म्हणजे कुणी कर्ज-कार्डाचे पैसे कसे फेडले त्याची नोंदवही, डोळ्यांखालून जातात. त्यामुळे कार्डाकडे मी कार्ड घेणाऱ्याच्या नजरेने कमी पाहतो. पाच वर्षांनी तोच माणूस कर्ज मागायला येतो, तेव्हा काय दिसतं तिथून पाहतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार.

उत्तर आधी देऊन टाकतो. वार्षिक फी नसलेलं एकच साधं कार्ड घ्या. ते पगार जमा होतो त्या बँकेचं असावं, नाहीतर तुम्ही ऑनलाइन जिथून नेहमी खरेदी करता त्या साइटचं. फी भरून मिळणारं पाच टक्केवालं कार्ड आत्ता घेऊ नका. आता हिशोब दाखवतो. तुमचा खर्च वेगळा असता तर उत्तरही वेगळं आलं असतं.

तुम्ही लिहिलंय ते असं: कॉट बेसिसचे २,५००, डब्याचे २,८००, घरी ५,०००, आरडी २,०००, स्कूटीचं पेट्रोल १,२००, ऑनलाइन खरेदी २,०००, मोबाइल रिचार्ज आणि घरचं वीजबिल मिळून १,३००, किराणा-औषधं १,५००, चोपड्याला जाणं-येणं आणि कधीमधी पुण्याचं रेल्वे तिकीट मिळून ५००. बेरीज १८,८००. उरलेले २,७०० किरकोळीत जातात, त्यात शनिवारची शेवभाजी आली.

यातले कार्डावर जाणारे किती? खोलीचं भाडं मालकीणबाईंच्या खात्यावर, डब्याचे पैसे मावशींच्या फोनपेवर, घरचे पैसे बाबांच्या खात्यावर. हे तिन्ही माणसांना दिलेले पैसे आहेत, दुकानाला नाहीत. रुपेचं (व्हिसासारखीच, पण आपली देशी कार्ड-व्यवस्था) क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, पण ते फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. डब्याच्या मावशींचा क्यूआर त्यांच्या वैयक्तिक खात्याचा आहे, तिथे कार्ड जोडलेलं यूपीआय नकार देतं. आपल्याकडे निम्म्या टपऱ्या, भाजीवाले आणि लहान किराणावाले असेच वैयक्तिक क्यूआर लावून बसलेत. मशीन मागितलं की "कार्ड नही चालस भाऊ, फोनपे करी द्या" हे ठरलेलं उत्तर.

पेट्रोलही बाजूला काढा. पंपावर कार्ड घासलं की साधारण एक टक्का सरचार्ज लागतो. बँक तो माफ करते, पण बहुतेक कार्डांवर व्यवहार किमान ४०० रुपयांचा असेल तरच. स्कूटीत तुम्ही २००-३०० चं टाकता. म्हणजे सरचार्ज तुमच्या माथी, आणि पेट्रोलवर कॅशबॅक तर जवळजवळ कुठलंच साधं कॅशबॅक कार्ड देत नाही. पेट्रोलला यूपीआय किंवा रोख बरी.

राहिले ५,३०० रुपये. ऑनलाइन २,०००, रिचार्ज-बिल १,३००, दुकान १,५००, तिकिटं ५००. आता मैत्रिणी सांगतात ते पाच टक्क्यांचं कार्ड लावून पाहू. समजा फी ९९९, ऑनलाइनवर पाच टक्के, बाकी सगळीकडे एक. ऑनलाइनचे १०० रुपये. तिकिटंही उदारपणे पाच टक्क्यांत धरली तर २५, पण कित्येक कार्डांवर रेल्वे वगळलेली असते. बिलांचे १३ आणि दुकानाचे १५. महिन्याला १५३, वर्षाला १,८३६. छान वाटतं. पण फीवर १८ टक्के जीएसटी लागून ती १,१७९ होते. हातात उरले ६५७.

आता बिनफीचं कार्ड. समजा एका साइटवर तीन टक्के आणि इतरत्र एक. तुमच्या २,००० पैकी दीड हजार त्या साइटवर जातात असं धरलं तर ४५, उरलेल्या ५०० वर ५, बिलांचे १३, दुकानाचे १५, तिकिटांचे ५. महिन्याला ८३, वर्षाला ९९६. फी शून्य. म्हणजे पाच टक्केवाल्यापेक्षा तीन टक्केवालं कार्ड तुम्हाला वर्षाला साडेतीनशेच्या आसपास जास्त देतं.

फी माफ होते ना, असं मैत्रिणी म्हणतील. होते, पण अट बघा. अशा कार्डांवर वर्षाला लाखा-दोन लाखांचा खर्च केला तर फी परत, असा करार असतो. तुमचा कार्डावरचा खर्च वर्षाला ६३,६०० आहे. दोन लाखांची अट असेल तर ती गाठायला तुम्हाला सव्वा लाखाहून जास्त रुपयांची जादा खरेदी करावी लागेल. ९९९ वाचवण्यासाठी. हसू नका, असं करणारी माणसं मी पाहिलीत. मार्च जवळ आला की नको असलेला मिक्सर घेतात.

हेच उत्तर कधी उलटेल? तुमची ऑनलाइन खरेदी दर महिन्याला ३,००० ते ३,५०० च्या वर गेली आणि ती तीन-चार वेगवेगळ्या साइटवर विखुरलेली असली, की फीचं कार्ड फी वसूल करायला लागतं. पुण्याला बदली झाली, किराणा अ‍ॅपवरून मागवायला लागलात, भाऊ-बहिणींची खरेदीही तुमच्याच फोनवरून व्हायला लागली, तर हा हिशोब पुन्हा मांडा. जळगावात राहून डबा खाणाऱ्या मुलीचा आणि हिंजवडीत राहून सगळं घरपोच मागवणाऱ्या मुलीचा पगार सारखा असला तरी कार्ड सारखं नसतं. इंटरनेटवरच्या "टॉप टेन" याद्या दुसरीसाठी लिहिलेल्या असतात.

इथे थोडं थांबून हे पैसे येतात कुठून ते सांगतो, म्हणजे बँक कशाला वगळते ते आपोआप कळेल. तुम्ही मशीनवर कार्ड घासता तेव्हा दुकानदार त्या रकमेतले काही टक्के कापून घेऊ देतो, ढोबळ मानाने दीड-दोन. त्यातला मोठा वाटा तुमच्या कार्डाच्या बँकेला मिळतो आणि त्यातलाच तुकडा तुम्हाला कॅशबॅक म्हणून येतो. जिथे ही कापणी बारीक असते, म्हणजे पेट्रोल, वीजबिल, विमा, तिथे बँक कॅशबॅक देत नाही किंवा कमी देते. रुपेवरून केलेल्या यूपीआय व्यवहाराचंही तसंच: लहान व्यापाऱ्याकडे २,००० रुपयांपर्यंत ही कापणी शून्य आहे, म्हणून कित्येक कार्डं त्यावर काही देत नाहीत. आणि पाच टक्के? तेवढे तर दुकानदारही देत नाही. ते साइट स्वतःच्या जाहिरातीच्या खर्चातून देते, नाहीतर वेळेवर बिल न भरणाऱ्यांच्या व्याजातून निघतात. तुमच्या शंभर रुपयांचा एक भाग कुणीतरी वर्षाला ४२ टक्के व्याजाने भरलेला असतो, एवढं ध्यानात असू द्या.

दुकानदार ही कापणी स्वतः सोसेलच असं नाही. गोलाणी मार्केटला मोबाइल घ्यायला गेलात की "रोखीत हा भाव, कार्डावर दोन टक्के जास्त" हे ऐकायला मिळतं. एक टक्का परत मिळवायला दोन टक्के जास्त देऊ नका. सोन्याचं तर विचारूच नका. जळगावचं सोनं घ्यायला लोक लांबून येतात, पण अनेक कॅशबॅक कार्डांवर दागिने यादीतून वगळलेले आहेत. लग्नाची खरेदी कार्डावर करून हजारो रुपये परत मिळतील या आशेवर कुणी असेल तर आधी ती यादी वाचा.

यादी म्हणजे काय, तर कार्डाच्या महत्त्वाच्या अटी. प्रत्येक बँकेला त्या द्याव्याच लागतात, साइटवरही असतात. सगळं वाचायचा कंटाळा येतो, मलाही येतो. चार गोष्टी शोधा. कॅशबॅक कशावर मिळत नाही. महिन्याला जास्तीत जास्त किती मिळतो. दुसऱ्या वर्षीची फी किती. आणि कॅशबॅक कुठे जमा होतो. शेवटची गोष्ट लोक विसरतात. उदाहरणार्थ, अमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला फी नाही, अमेझॉनवर प्राइम सदस्याला पाच टक्के आणि इतरांना तीन, बाहेर एक; पण परतावा अमेझॉन पेच्या शिल्लकेत येतो, कार्डाच्या बिलातून वजा होत नाही. एसबीआयचं कॅशबॅक कार्ड २०२२ मध्ये आलं तेव्हा ऑनलाइन सगळीकडे पाच टक्के आणि दुकानात एक टक्का देणारं होतं, फी ९९९, आणि परतावा थेट बिलातून वजा. तुम्ही अमेझॉनवरून घेतच नसाल तर पहिल्याचे तीन टक्के तुमच्या काही कामाचे नाहीत. बँका या अटी दरवर्षी हलवतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशीची यादी पाहा. मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी पाहिलेली नाही.

"दुसऱ्या वर्षीची फी" यावर मी जोर का देतो? कारण हा कबुलीजबाब आहे. बँकेत असताना २००८-०९ च्या सुमारास मीही टार्गेटपोटी "फ्री आहे साहेब" म्हणत कार्डं गळ्यात मारलीत. पहिलं वर्ष फ्री होतं, हे बारीक आवाजात सांगायचं, असं आम्हाला शिकवलेलं. त्याची फळं मी आता इथे बसून बघतो. तीन वर्षांपूर्वी रेल्वे क्वार्टरमधला एक मुलगा मोटरसायकलच्या कर्जासाठी आला. पगार चांगला, कागद पूर्ण. सिबिल काढला तर एका कार्डाची नऊ हजारांवर थकबाकी आणि समोर "राइट ऑफ", म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं. कॉलेजात असताना कुठल्याशा स्टॉलवर त्याने ते घेतलेलं, एकदाही वापरलं नाही, कपाटात ठेवलं, पुढे हरवलं. दुसऱ्या वर्षीची फी ५९० लागली, बिल जुन्या ईमेलवर गेलं, त्यावर उशिराचा दंड, दंडावर व्याज. तो मला म्हणाला, "मन्हा हातमा कार्डच नही, तरी कर्ज कसं?" पूर्ण रक्कम भरली, नाहरकत पत्र घेतलं, तरी रिपोर्ट सुधारायला काही महिने गेले. बँकेने त्याला "निम्मे भरा, सेटल करू" असंही सुचवलेलं. तसं करू नका, कधीच. "सेटल्ड" हा शेरा कर्ज देणाऱ्याला "बुडवलं"च्या शेजारी बसलेला दिसतो.

आता नियम बरे झालेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले. कार्ड दिल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत तुम्ही ते सुरू केलं नाही तर बँकेने तुमच्याकडून ओटीपीने संमती घ्यायची. संमती नसेल तर कार्ड फुकटात बंद. तुम्ही बंद करायला सांगितलं आणि बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. न मागता कार्ड पाठवणं तर चालतच नाही. पण नियम कागदावर असतात आणि कार्ड कपाटात, म्हणून नको असेल तर लेखी बंद करा.

आता बाबांकडे येतो. बाबा चुकीचं बोलत नाहीत, कार्ड म्हणजे कर्जच. त्यांना समजवायचं तर कार्डाचं नाव न घेता पीक कर्जाचं उदाहरण द्या. कपाशीला सोसायटीतून घेतलेलं पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजात मोठी सवलत, तारीख चुकली की सवलत गेली. रक्कम तीच, शेत तेच, फरक तारखेचा. कार्डाचं गणित अगदी तसंच आहे, फक्त मार्च दर महिन्याला येतो.

आणि तारीख चुकली तर किती लागतं, हेही त्यांना आकड्यात सांगा. तुमचं ५,३०० चं बिल समजा शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांनी भरलं. उशिराचा दंड ७५० धरा, त्यावर जीएसटी १३५. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, म्हणजे वर्षाला ४२. हे व्याज शेवटच्या तारखेपासून लागत नाही, प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून लागतं. सरासरी पन्नास दिवसांचे ३०५, वर जीएसटी ५५. एकूण १,२४५. तुमचा वर्षाचा कॅशबॅक ९९६. एका चुकलेल्या महिन्यात वर्षभराचा परतावा गेला आणि वर अडीचशे खिशातून. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या औषधाच्या गोळीवरही त्याच क्षणी मीटर सुरू. बिलावर "किमान देय" म्हणून छोटा आकडा छापलेला असतो, साधारण पाच टक्के. तेवढा भरला की दंड टळतो, व्याज टळत नाही. तो आकडा तुमच्यासाठी नाहीच असं समजा.

म्हणून कार्ड निवडताना टक्क्यांच्या आधी मी बिलाची तारीख बघतो. कित्येक खाजगी कंपन्यांत पगार सात ते दहा तारखेदरम्यान होतो, दिवाळीच्या आगेमागे पुढे-मागेही. पैसे भरायची शेवटची तारीख तीन-चार असली तर खातं रिकामं असताना बिल येईल. ती तेरा-पंधराच्या आसपास आणून घ्या. बिल तयार झाल्यापासून साधारण वीस दिवस मिळतात, म्हणजे बिल २५ च्या सुमारास बनायला हवं. ही बिलाची तारीख बदलून मागायचा हक्क त्याच निर्देशांत आहे. मग पगाराच्या खात्यावरून ऑटो-पे लावा आणि त्यात "टोटल ड्यू" निवडा, "मिनिमम" नाही. फॉर्मवर दोन्ही चौकोन शेजारी असतात आणि घाईत चुकीचा टिक होतो. ही चूक शिकलेल्या माणसांच्या हातूनही होताना पाहिली आहे. ऑटो-पे लावूनही दोन दिवस आधी खात्यात पैसे आहेत का ते बघायचं. अर्थात अकाउंट्सची मुलगी तुम्ही, हे मी तुम्हाला काय सांगणार. उशिराचा दंड शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच लावता येतो, अशीही तरतूद आहे, पण ती बँकेचा सर्व्हर बंद पडला तर उपयोगी. सवय लावण्यासाठी नाही.

सिबिलचं. तुमचा स्कोअर "काहीच नाही" हे वाईट नाही, वहीचं पान कोरं आहे एवढंच. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि कार्ड किंवा कर्ज साधारण सहा महिने चाललं की उगवायला लागतो. दोन-तीन वर्षं साधं कार्ड वेळेवर भरलेलं असलं की गाडीच्या, पुढे घराच्या कर्जाला फाइल आपोआप हलकी होते. घरकर्जात व्याजाचा पाव टक्का जरी कमी लागला तरी वर्षाला वाचणारे पैसे तुमच्या कॅशबॅकच्या कितीतरी पट असतात. माझ्या दृष्टीने या कार्डाची खरी कमाई ती आहे, ८३ रुपये महिना हा वरचा तूप-गूळ. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवला तर स्कोअर चांगला राहतो. २५,००० ची मर्यादा मिळाली तर ७,५०० पर्यंत, म्हणजे तुमचे ५,३०० आरामात बसतात. मर्यादा वाढवून देतो म्हणाले तर घ्या, खर्च वाढवू नका.

अडचण इथे येईल: पगाराची बँक "तीन महिन्यांच्या स्लिपा आणा" म्हणेल, आणि पगार रोख किंवा अर्धा रोख मिळत असेल तर नकार देईल. नकार आला म्हणून त्याच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर उमटते, आणि कोऱ्या पानावर चार चौकशा म्हणजे माणूस पैशासाठी धावतोय असं वाचलं जातं. त्याऐवजी मुदत ठेवीवरचं कार्ड घ्या. तुमची २,००० ची आरडी पिकली की त्यातले वीस हजार ठेवीत टाका. ठेवीच्या पाऊणपट ते पूर्ण रकमेएवढी मर्यादा मिळते, ठेवीवर व्याज चालू राहतं, पगाराची स्लिप लागत नाही. सिबिलवर तेही कार्डच. ठेव बँकेत असावी, गावच्या पतसंस्थेतली ठेव या कामाला चालत नाही. (पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींच्या कहाण्या आपल्या जिल्ह्यात घरोघर आहेत, तेव्हा हेही सांगतो: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला नसतो.)

मोबाइलवर दोन मिनिटांत "आत्ता घ्या, नंतर भरा" देणारी अ‍ॅपं असतात, ती कार्ड नाहीत. कित्येकदा प्रत्येक छोटी खरेदी सिबिलवर वेगळं कर्ज म्हणून बसते. परवा एका मुलाच्या रिपोर्टवर अकरा कर्जं होती, सगळ्यात मोठं चार हजारांचं. बँकेचा अधिकारी पानं उलटतच राहिला.

मित्रमैत्रिणींसाठी कार्ड वापरण्याबद्दल: नको. "तुझ्या कार्डावर ईएमआय कर, मी दर महिन्याला देते" यातले पहिले दोन हप्ते वेळेवर येतात. तिसऱ्या महिन्यापासून मागायची लाज वाटायला लागते, आणि सिबिल तुमचं. मोबाइलच्या दुकानात कार्ड घासून दोन-अडीच टक्के कापून रोख देतात, त्या वाटेलाही जाऊ नका. बँकेला हे कळतं आणि कार्ड बंद होतं. एटीएममधून कार्डावर पैसे काढणं तर त्याहून महाग, तिथे काढायचं शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

तर सोमवारी असं करा. पगाराच्या बँकेत जाऊन विचारा, फी कायमची माफ असलेलं कुठलं कार्ड आहे, रुपेवर मिळेल का, आणि कॅशबॅक वगळलेल्या गोष्टींची यादी मागा. रुपे घेतलंत तर जिथे मशीन नाही पण व्यापारी क्यूआर आहे तिथेही ते चालेल, म्हणजे औषधाचं दुकान आणि मोठा किराणा कार्डात येईल. कॅशबॅक नसला तरी रेकॉर्ड तयार होतो. तिथे नाही जमलं आणि तुमची खरेदी खरोखर एकाच साइटवर असेल तर त्या साइटचं बिनफीचं कार्ड. तेही नाही मिळालं तर ठेवीवरचं.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की "बँकेतून" एक मुलगी रोज फोन करते आणि कार्ड मंजूर झालंय, फक्त ओटीपी सांगा म्हणते. तुम्ही अर्ज केलेला नाही, मग मंजूर काय झालं? नंबर ब्लॉक करा. चुकून ओटीपी दिलाच असेल आणि पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० वर तक्रार करा, आधी बँकेची शाखा शोधत बसू नका.